शाळेची घंटा आणि वर्गातली हवा

मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळांची घंटा थांबली, ती तुम्हाला आठवत असेल. तुमच्यापैकी अनेक जण तेव्हा प्राथमिक शाळेत असाल. सुट्टी लागली म्हणून आधी आनंदही झाला असेल. पण ही सुट्टी संपेना. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग स्थानिक परिस्थिती पाहून सुरू करण्यास परवानगी मिळाली. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग अनेक ठिकाणी उघडले. मग दुसरी लाट आली आणि दारे पुन्हा बंद झाली. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून व शहरांत आठवीपासून शाळा सुरू झाल्या. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत त्या पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून पुन्हा उघडू लागल्या.

या सर्व काळात एकच वाद घरोघरी चालू होता : शाळा उघडाव्यात की बंद ठेवाव्यात? माझ्या घरात तर दोन्ही पक्ष एकाच छपराखाली होते. एका बाजूला पाचवीत जाणारी मुलगी, जिचे वाचन दिवसेंदिवस मंदावत होते. दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दम्याचा त्रास असलेली आई. मी स्वतः 'बंद ठेवा' या पक्षाचा होतो. पुढे माझे मत बदलले, पण ते कोणाच्या भाषणाने नव्हे. एका संध्याकाळी कागदावर केलेल्या साध्या गुणाकार-भागाकाराने ते बदलले. तो गुणाकार आज आपण करून पाहू. आधी मात्र दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट ऐकून घेऊ.

दोन पक्ष

'बंद ठेवा' म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. वर्गात पन्नास मुले दाटीवाटीने बसतात. मुलांना हा आजार बहुधा सौम्य होतो हे खरे. पण मूल संध्याकाळी घरी जाते आणि घरी आजी-आजोबा असतात. शिक्षकही काही लहान मुले नव्हेत. या भीतीला आधार होता. इस्राएलमध्ये मे २०२० मध्ये शाळा उघडल्या आणि काही दिवसांतच जेरुसलेममधील एका माध्यमिक शाळेत साथ पसरली. तेथे १५३ विद्यार्थी व २५ कर्मचारी बाधित आढळले.

'उघडा' म्हणणाऱ्यांचा मुद्दाही तितकाच वजनदार होता. शाळा बंद ठेवण्याचीही किंमत असते. फक्त ती रुग्णालयाच्या आकडेवारीत दिसत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांतल्या सुमारे १४०० मुलांची पाहणी झाली. ग्रामीण मुलांपैकी केवळ ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. पुढे 'असर' या देशव्यापी पाहणीतही हेच दिसले. तिसरीच्या वर्गातील जी मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात, त्यांचे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते. २०२२ साली ते २०.५ टक्क्यांवर आले.

म्हणजे एका पारड्यात आजार आणि दुसऱ्यात काहीच नाही, असा हा तराजू नव्हता. दोन्ही पारड्यांत माणसेच होती.

शंभर वर्षांपूर्वीचा हाच वाद

हा वाद नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो यांनी मात्र त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे. शहरात सुमारे दहा लाख शाळकरी मुले होती आणि त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश मुले कोंदट चाळींतून राहत होती. शाळा बंद केल्या तर ही मुले जाणार कोठे? त्याच कोंदट खोल्यांत! त्यापेक्षा शाळेची इमारत स्वच्छ व हवेशीर; शिवाय तेथे शिक्षक आणि परिचारिका रोज मुलांची तपासणी करून आजारी मूल लगेच वेगळे काढतील.

कोपलंड बरोबर होते का? २००७ साली ४३ अमेरिकी शहरांच्या जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या शहरांनी लवकर, दीर्घकाळ आणि एकाच वेळी अनेक उपाय योजले, त्यांची हानी सर्वसाधारणपणे कमी झाली, असे त्यात दिसले. त्या उपायांत शाळा बंद करणेही होते. न्यूयॉर्कने शाळा उघड्या ठेवल्या, पण रुग्णांना वेगळे ठेवण्याचे आणि गर्दी टाळण्यासाठी कामाच्या वेळा बदलण्याचे उपाय लवकर योजले. तेव्हा एकट्या शाळेच्या दारावरून निकाल लावता येत नाही. पण कोपलंड यांच्या युक्तिवादातील एक शब्द आपल्या कामाचा आहे : हवेशीर. येथे पदार्थविज्ञान वादात शिरते.

थेंब किती वेगाने पडतो?

आपण बोलतो, गातो, खोकतो तेव्हा तोंडावाटे लहानमोठे थेंब बाहेर पडतात. थेंबाला खाली ओढणारे बल त्याच्या वजनाएवढे, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते. हवेचा विरोध मात्र त्रिज्या आणि वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. ही दोन्ही बले समान झाली की थेंब एकसारख्या वेगाने पडू लागतो. समीकरण मांडले तर हा अंतिम वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. थेंब दहापट लहान, तर वेग शंभरपट कमी!

आता आकडे घालू. एक दशांश मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब एक मीटर उंचीवरून तीन-चार सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला पाच-साडेपाच मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत आठ-नऊ तास लागतील. आणि वर्गातली हवा तर कधीच स्थिर नसते. म्हणजे असा कण शाळा सुटली तरी तरंगतच राहील. शिवाय लहान थेंबांतील पाणी पाहता पाहता उडून जाते व ते आणखी लहान होतात. विल्यम वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३४ साली ही गोष्ट मांडली होती. त्याने पुढे फिलाडेल्फियाजवळच्या काही शाळांत वर्गाच्या वरच्या भागातील हवेवर अतिनील किरण सोडणारे दिवे बसवले. १९४१ च्या गोवराच्या साथीत दिवे असलेल्या वर्गांत गोवर बराच कमी पसरला. न्यूयॉर्क राज्यात आणि इंग्लंडमध्ये असेच प्रयोग झाले, तेव्हा मात्र इतका स्पष्ट फरक दिसला नाही. कारण मुले वर्गाबाहेरही एकमेकांना भेटतच होती. एका प्रयोगावर विसंबू नये, हा धडाही त्यातून घ्यावा.

कोविडच्या आरंभी मोठ्या थेंबांवरच अधिक भर होता. म्हणून बाकांमधील अंतर, हात धुणे, बाके पुसणे यांवर सारा जोर दिला गेला. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी तरंगत्या कणांकडे लक्ष द्या, असे जाहीर पत्र लिहिले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही हा मार्ग मान्य केला. अंतर ठेवल्याने मोठा थेंब टळतो. तरंगणाऱ्या कणाला मात्र खिडकीच बाहेर काढू शकते.

आता तो गुणाकार

समजा, एक वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. त्यात हवा झाली १४४ घनमीटर. वर्गात ५० मुले आहेत. शांत बसलेले एक मूल सेकंदाला साधारण ०.००४ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. पन्नास मुलांचा झाला ०.२ लिटर, म्हणजे तासाला ०.७२ घनमीटर.

खिडक्या-दारे बंद असतील, तर ३५ मिनिटांच्या एका तासिकेत ०.४२ घनमीटर कार्बन डायऑक्साइड साठेल. १४४ ने भागा : हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे २९०० भागांची वाढ. बाहेरच्या हवेत मुळात सुमारे ४२० भाग असतात. आपल्या उच्छ्वासात ते सुमारे ४०,००० असतात. आता २९०० ला ४०,००० ने भागले, तर सात टक्के येतात. म्हणजे तासिकेच्या शेवटी आपण घेत असलेल्या चौदा श्वासांतील एक श्वास दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसांतून आलेला आहे!

आता समोरासमोरच्या खिडक्या व दार उघडा. समजा, त्यामुळे तासाला सहा वेळा खोलीतली सगळी हवा बदलेल इतका वारा खेळू लागला. तासाला ८६४ घनमीटर ताजी हवा आली. ०.७२ भागिले ८६४ केले तर दशलक्षात सुमारे ८३० भाग येतात. वाढ कितीही वेळ गेला तरी येथेच थांबेल. उसना श्वास आता चौदात एक नव्हे, अठ्ठेचाळीसात एक झाला. निम्मी मुले एक दिवसाआड बोलावली तर शहाण्णवात एक.

हा कागद मी समोर ठेवून बसलो, तेव्हा लक्षात आले की 'उघडी शाळा' ही एक वस्तूच नाही. बंद खिडक्यांची उघडी शाळा आणि उघड्या खिडक्यांची उघडी शाळा यांत कित्येक पटींचा फरक आहे. जेरुसलेमच्या त्या शाळेकडे पुन्हा पाहा. वर्गात ३५ ते ३८ विद्यार्थी होते. उष्णतेची लाट आली म्हणून तीन दिवस मुखपट्टीची सक्ती उठवली होती आणि वातानुकूलन यंत्रे सतत चालू होती. याउलट, डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला लहान मुलांचे वर्ग उघडले, ते छोटे गट करून आणि शक्य तेथे मोकळ्या आवारात शिकवून. तेथे साथ भडकली नाही. मात्र तेव्हा डेन्मार्कमधील साथ मुळातच उतरणीला लागली होती, हेही विसरता कामा नये. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २०२० च्या अखेरीस १६९ प्राथमिक शाळांची तुलना झाली. ज्यांनी वायुवीजन सुधारले होते, त्यांत बाधितांचे प्रमाण ३९ टक्के कमी आढळले.

विज्ञान काय सांगते, काय सांगत नाही

येथे सावध राहायला हवे. कार्बन डायऑक्साइड म्हणजे विषाणू नव्हे. वर्गात एकही बाधित नसेल, तर उसना श्वास निरुपद्रवी आहे; आणि मुखपट्टी विषाणू अडवते, कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. गावात साथ जोरात असेल, तर वर्गात बाधित मूल असण्याची शक्यता वाढते आणि खिडकी एकटी पुरी पडत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, रुग्णालयांत खाट मिळत नव्हती तेव्हा, शाळा बंद ठेवणे योग्यच होते, असे मला आजही वाटते.

पण साथ ओसरल्यावर कोणते वर्ग आधी उघडावेत? महाराष्ट्रात वरच्या वर्गांपासून सुरुवात झाली. त्यांच्या परीक्षा जवळ होत्या आणि ती मुले नियम पाळू शकतात. जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे महासंचालक म्हणाले, की प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल. कारण लहान मुलांची शरीरे या विषाणूला अधिक चांगल्या प्रकारे तोंड देतात. लहान मुलाला पडद्यावरून अक्षरे शिकवणे सर्वांत कठीण, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. दोन्ही बाजूंना आधार होता. कोणाच्या नुकसानीला किती महत्त्व द्यायचे, हे कोणतेही समीकरण सांगत नाही. ते समाजाने ठरवायचे असते. विज्ञान एवढेच करते, की कोणती गोष्ट आपल्या हातात आहे ते दाखवते.

माझी मुलगी पुढे शाळेत गेली. खिडकीजवळच्या बाकावर बसायची, मुखपट्टी लावायची. घरी आल्यावर काही आठवडे आजीशी गप्पा अंगणात व्हायच्या. आजीला लशीच्या दोन मात्रा मिळाल्या होत्या. दोन्ही पक्षांची सोय त्या अंगणाने केली.

तुम्ही करून पाहा

तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा. पटसंख्येवरून वरचे गणित स्वतः करा. शिक्षकांसमक्ष एक उदबत्ती पेटवून खिडकीशी धरा : धूर आत येतो, बाहेर जातो की जागीच घुटमळतो? एक खिडकी उघडल्याने काय होते, समोरासमोरच्या दोन उघडल्याने काय होते, ते वहीत लिहा. कपाट किंवा तक्ते लावून अडवलेली एखादी खिडकी सापडली, तर मुख्याध्यापकांना दाखवा.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आली, की हाच वाद पुन्हा उभा राहील आणि तेव्हा तुमच्यापैकीच कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी पालक असेल. त्या वेळी 'उघडावी की नाही' हे विचारण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा : या वर्गातली हवा तासाला किती वेळा बदलते? हा प्रश्न साथ नसतानाच विचारून ठेवलेला बरा. कारण भिंतीत खिडकी पाडायला वेळ लागतो.