मजूर बरळू लागला तर आधी पाणी ओता

एप्रिल उजाडला की नांदेड-लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो. मोंढ्यात पोती वाहणारे हमाल, वीटभट्टीवरचे मजूर, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी यांना सावली शोधण्याची सोय नसते. अर्धापूर भागात हळद शिजविण्याचे काम उन्हाळ्याच्या तोंडावरच येते. तेथे डोक्यावर ऊन आणि पुढ्यात वाफ!

कष्ट करताना शरीर स्वतःही उष्णता निर्माण करते. घाम वाळताना ती बाहेर जाते. पाणी कमी पडले की हे काम अडते, अंगातील उष्णता 40 अंशांच्या वर जाते व मेंदूवर परिणाम होतो. हाच उष्माघात. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हातील सोहळ्यानंतर 14 जण दगावले. ती माणसे नुसती बसलेली होती. येथे तर क्विंटलाचे ओझे उचलायचे असते.

सर्वांत जास्त धोका नव्या मजुराला, तोही पहिल्या काही दिवसांत. शरीराला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नवख्याला, तसेच तापातून उठलेल्याला, सुरुवातीला हलके काम द्यावे. मजुरी मात्र कापू नये. कापली तर तो सावलीला बसणारच नाही. मुकादमांनी हे ध्यानात घ्यावे.

दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, तहान लागो वा न लागो. मधून ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. खिशातला कांदा ऊन अडवीत नाही.

डोके दुखणे, पेटके, मळमळ सुरू होताच काम थांबवून सावलीत जावे. परंतु माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघातच समजावा, अंगाला घाम असला तरीही. 'प्यायला असेल' म्हणून सोडून देऊ नये. तापाच्या गोळीने ही उष्णता उतरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत व मानेवर गार ओली फडकी ठेवावीत.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईतही कामावर एक भरलेले पिंप केवळ यासाठी राखून ठेवावे. 108 क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.