जुन्या संगणकाचा वेग: धूळ, दमट हवा आणि डिस्क

पेणमध्ये गणेशमूर्ती पॉलिश पेपरने घासताना उडणारी बारीक भुकटी आणि पेण-रोह्याची पावसाळी दमट हवा यांचा संयोग झाला, की संगणकाच्या पंख्यावर चिकट थर साचतो. मग प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, अति तापू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो आणि दोष मात्र यंत्राच्या वयाला दिला जातो. म्हणून खर्चाआधी वीजजोडणी काढून मऊ ब्रशने सफाई करणे श्रेयस्कर ठरते. खरा फरक साठवणुकीत पडतो: हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर माहिती शोधावी लागते, तर एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरता भागच नसल्याने ती जवळजवळ तत्काळ हाती येते. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, 4 जीबी असल्यास 8 करणे हा एसएसडी बसवल्यानंतरचा उपाय होय. वेगवाढीची हमी देणारी फुकट सॉफ्टवेअर बहुधा भारच वाढवतात. विंडोज 10 चा नियमित सुरक्षा-आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असून, विंडोज 11 च्या अटींत न बसणाऱ्या यंत्रावर लिनक्स मिंट ही पर्यायी कार्यप्रणाली विनामूल्य बसवता येते. मात्र तत्पूर्वी छायाचित्रांची व कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवावी.