जुन्या पद्मिनीचा गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे तपासा

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्गजवळ अणदूर आहे. अशा गावात एखाद्या घरी आजही जुनी प्रीमिअर पद्मिनी जपलेली असते. वर्षभर शेडमध्ये उभी असलेली ही गाडी बाहेर काढली, की पहिली तक्रार ठरलेली असते: गिअर पडत नाही. लगेच ‘गिअरबॉक्स गेला’ असा निष्कर्ष निघतो. पण बऱ्याचदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो.

हा फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. मुंबईच्या रस्त्यांवरूनही पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निवृत्त झाली. सुटे भाग शोधावे लागतात. विनाकारण उघडलेला गिअरबॉक्स महिनोन्‌महिने तसाच पडून राहू शकतो.

पहिली चाचणी : इंजिन बंद ठेवून

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. एखादा गिअर अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा आणि परत प्रयत्न करा. सगळे गिअर सहज पडले आणि इंजिन सुरू केल्यावर मात्र खरखर झाली, तर संशय क्लचवर घ्यावा. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल, तर लिंकेज किंवा गिअरबॉक्स तपासावा लागेल.

क्लच पूर्ण सुटतो का?

इंजिन मंद चालू ठेवा. ब्रेक आणि क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. मागे कुणी नाही याची आधी खात्री करा. इतके थांबूनही कर्कश आवाज आला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. कारण क्लच सुटला असता, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट एव्हाना थांबला असता.

पेडलला गरजेपेक्षा जास्त ढिलाई असेल तर असे होते. हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत तेलाची गळती किंवा आत शिरलेली हवा हेही कारण असते. पेडल दोन-तीनदा दाबल्यावर फरक पडला, तर तिकडेच पाहावे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही असू शकते.

स्टेअरिंगजवळचा गिअर

बहुतेक पद्मिनींचा गिअर दांडा स्टेअरिंगच्या दांड्यावर असतो. तिथून सळ्या आणि सांध्यांमधून हालचाल गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. प्रत्येक सांध्याचा बुश थोडा थोडा झिजला, तरी एकूण ढिलाई बरीच होते. दांडा पूर्ण फिरतो, गिअर मात्र अर्धाच पडतो किंवा अडकून बसतो.

इंजिन बंद ठेवून एकाने दांडा हलवावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरचे आर्म पाहावेत. दांडा हलूनही आर्म पूर्ण सरकत नसतील, तर बुश बदलून सळ्यांची लांबी जुळवावी लागते. हे काम गिअरबॉक्स न उतरवता होते.

तेल काय सांगते?

तेलाची पातळी पाहा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल वापरा. जुन्या गिअरबॉक्समधील सिंक्रो रिंग पितळी असतात. जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतील रसायने पितळेला मानवत नाहीत, म्हणून अशा गाड्यांत सहसा जीएल-४ सुचवले जाते. तेलात सोनेरी भुकटी दिसली तर सिंक्रो रिंग झिजत आहेत. पोलादाचे तुकडे दिसले तर गाडी चालवू नये.

दोष खरोखर आत कधी असतो?

एकाच गिअरला खरखर होत असेल, उदाहरणार्थ फक्त दुसऱ्या, तर त्याची सिंक्रो रिंग झिजली असावी. पहिला गिअर मात्र अपवाद आहे. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो. चालत्या गाडीत तो टाकताना आवाज येणारच, त्यामुळे गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकावा.

गिअर आपोआप निसटत असेल तर दुर्लक्ष करू नये. आधी लिंकेज आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग तपासावे. ते ठीक असेल, तर आतली स्प्रिंग, फोर्क किंवा दाते झिजलेले असू शकतात. तुळजापूरच्या घाटात उतरताना गिअर निसटला, तर इंजिनचा रोध नाहीसा होतो आणि सगळा भार जुन्या ब्रेकवर येतो. असा दोष दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये.

गॅरेजमध्ये जाताना ‘गिअर पडत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी कोणता गिअर, इंजिन चालू की बंद आणि गाडी थंड की गरम, हे सांगावे. मिस्त्रीला दोष शोधणे सोपे जाते आणि गिअरबॉक्स उघडायचा की नाही, हे आधीच ठरवता येते.