ब्रेक लांबला तो नाचणाऱ्यांसाठी

हिप-हॉप म्हटलं की डोळ्यांपुढे माईक धरलेला रॅपर येतो. नाचणारा असलाच तर त्याच्या मागे, व्हिडिओची शोभा वाढवायला. या संस्कृतीतले लोक तिची चार अंगं मोजतात: तबकड्या फिरवणारा डीजे, शब्द फेकणारा एमसी, भिंतींवरची ग्राफिटी आणि नाचणारे बी-बॉय, बी-गर्ल. यातलं नाचणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा ओघात उरकलं जातं. माझ्या मते ही उतरंड उलटी आहे. ज्या वादनावर रॅप उभा राहिला, ते वादनच मुळात नाचणाऱ्यांची गरज भागवण्यासाठी जन्माला आलं.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेलने एक पार्टी ठेवली होती. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत, एवढाच हेतू. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. १९६७ साली जमैकाहून आलेला हा मुलगा म्हणजेच डीजे कूल हर्क. वाजवता वाजवता तो लोकांकडे पाहायचा, आणि त्याच्या लक्षात आलं की काही जण सबंध गाण्यावर नाचतच नाहीत. गायक थांबतो, बाकीची वाद्यं बाजूला होतात आणि ड्रम-काँगाचा ताल उघडा पडतो, त्या तुकड्याची ते वाट पाहतात. हाच ब्रेक. तो जेमतेम काही सेकंद टिकायचा. मग हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीची सुई त्याच जागी टेकवायची आणि तोवर पहिली मागे आणायची. ‘बाँगो रॉक’सारख्या गाण्यांतले ब्रेक तो एकाला एक जोडत गेला आणि या पद्धतीला त्याने ‘मेरी-गो-राउंड’ म्हटलं. त्या लांबलेल्या ब्रेकवर उतरणारी पोरं म्हणजे ब्रेक-बॉय, बी-बॉय. तमाशाच्या फडात ढोलकी आणि घुंगरू एकमेकांना जोखत वाढतात, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इथे तर पावलांच्या मागणीपायी गाण्याची रचनाच मोडली गेली. एमसी तेव्हा त्या तालावर चार शब्द टाकून गर्दी पेटती ठेवणारा मदतनीस होता.

यावर कोणी म्हणेल, हा नाच तरी नवा कुठे होता? १९७२च्या ‘गेट ऑन द गुड फूट’ या गाण्यावर जेम्स ब्राउनची पावलं होतीच. शिवाय कुंग-फूचे चित्रपट होते, पोर्तोरिकन घरांतला माम्बो होता. हे सगळं खरं आहे. पण उसनवारी कुठली आणि घडण कुठली, हे नाच जवळून पाहिल्यावर कळतं. नाचणारा आधी उभ्याने टॉपरॉक करतो, मग खाली जातो. फुटवर्कमधला सिक्स-स्टेप पाहावा: अंग उकिडवं, भार तळहातांवर, आणि पाय सहा पावलांत अंगाभोवती पुरतं वर्तुळ काढतात. पाय पुढे सरकताना त्या बाजूचा हात उचलून वाट करून द्यावी लागते. हात क्षणभर उशिरा उचलला की सगळा डोलारा कोसळतो. शेवटी नेमक्या ठोक्यावर गोठायचं, म्हणजे फ्रीझ. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक कृष्णवर्णीय तरुणांना हा नाच जुना वाटू लागला, तेव्हा पोर्तोरिकन मुलांनी तो उचलला. १९७७ साली रॉक स्टेडी क्रू सुरू झाला, आणि पुढे क्रेझी लेग्ज, केन स्विफ्ट यांनी जमिनीवरच्या कामाला आजचं रूप दिलं.

मग नाचणारा मागे का पडला? कारण त्याला तबकडीवर छापता येईना. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅप गाणं गाजलं. त्यासाठी वादकांकडून स्टुडिओत ताल वाजवून घेतला होता. त्यात डीजे नव्हता, नाचणाऱ्यांचं रिंगणही नव्हतं. शब्द विकता येतात हे कंपन्यांना तिथे उमगलं. नाचणाऱ्यांच्या वाट्याला प्रसिद्धी आली ती दुसऱ्या वाटेने. १९८१ साली लिंकन सेंटरच्या आवारात रॉक स्टेडी आणि डायनॅमिक रॉकर्स यांची लढत झाली, १९८३च्या ‘फ्लॅशडान्स’ या चित्रपटात या नाचाचं ओझरतं दर्शन घडलं, १९८४ला ‘बीट स्ट्रीट’ आला. वृत्तपत्रांनी ‘ब्रेकडान्स’ या एकाच नावाखाली कॅलिफोर्नियातलं पॉपिंग आणि लॉकिंगही कोंबलं. दोन-तीन वर्षांत ही लाट ओसरली. पैशाचा भाग सोडा, नाचणाऱ्याला आपल्या करामतीवरचा हक्क सिद्ध करायलाही कागद नव्हता. म्हणून रिंगणाने स्वतःचा कायदा केला. दुसऱ्याची चाल उचलणं म्हणजे ‘बायटिंग’. ती भर लढतीत हाताच्या खुणेने सर्वांसमोर दाखवून दिली जाते, आणि ती नामुष्की कोणत्याही दंडापेक्षा जिव्हारी लागते.

याहून मोठा आक्षेप शब्दांचा आहे. वंशभेद, पोलिसी अत्याचार, गरिबी यांवर बोलला तो रॅप. नाच तर अमेरिकेतल्या चर्चेतून गेला आणि युरोप-आशियात जगला, मग त्याला गाभा कसं म्हणायचं? रॅपच्या शब्दांचं मोल मी कमी लेखत नाही. पण गाभा कोणी जपला, हा प्रश्न वेगळा आहे. रॅप ड्रम-मशीनकडे वळला, तेव्हा जुने ब्रेक वाजते ठेवले ते नाचणाऱ्यांच्या लढतींनी. जर्मनीत १९९० साली सुरू झालेल्या ‘बॅटल ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००२ साली कोरियाचा एक्स्प्रेशन क्रू जिंकला. इन्क्रेडिबल बाँगो बँडच्या ‘अपाचे’चा ब्रेक अशा लढतींत आजही ऐकू येतो. आपल्याकडेही ‘गली बॉय’ने (२०१९) रॅप घराघरांत नेला, पण धारावीत त्याच्या कितीतरी आधी ‘स्लमगॉड्स’ या गटाची मुलं जमिनीवर हात टेकवून हिप-हॉप शिकत होती. ‘स्लमडॉग’ या शब्दाला दिलेलं ते उत्तर होतं, आणि ते नाचून दिलेलं होतं.

ऑलिंपिकने या नाचाचा खेळ करून टाकला, ही तक्रार मला निम्मीच पटते. लढत इथे पहिल्यापासून आहे. दोन क्रू समोरासमोर उभे राहिले की हार-जीत ठरतेच. गमावलं ते वेगळंच. रिंगणात पाठीवर नाव मिरवणं ही नित्याची गोष्ट. पण ९ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये निर्वासित संघाच्या मनिझा तलाशने अफगाण स्त्रियांच्या मुक्तीची मागणी लिहिलेलं वस्त्र उलगडलं आणि तिला बाद केलं गेलं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा नाच नाही, आणि याच शहरात १९८४च्या समारोपाला ब्रेक करणारे मैदानभर नाचले होते. तरी पॅरिसच्या नियमांत एक गोष्ट शाबूत राहिली. महिलांच्या जमिनीवरच्या जिम्नॅस्टिक्समध्ये खेळाडूचं संगीत आधीपासून ठरलेलं असतं. सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानच्या अमीला मात्र डीजे कोणती तबकडी लावणार, हे ठाऊक नव्हतं. पहिल्या काही ठोक्यांत गाणं ओळखायचं, त्यातला ब्रेक कुठे येईल याचा अंदाज बांधायचा, आणि तोवर टॉपरॉक करत वाट पाहायची.