साठी बुद्धी नाठी? हळद, आवळा आणि आपली स्मरणशक्ती

 

घरातली म्हातारी माणसं विसरायला लागली की आपण काय म्हणतो? ‘साठी बुद्धी नाठी.’ कुणी म्हातारचळ म्हणतं आणि सोडून देतं. मग एखाद्या दिवशी कुणीतरी मोबाईलवर संदेश पाठवतं : हळदीचं चूर्ण घ्या, अमुक गोळ्या घ्या, त्यात अँटिऑक्सिडंट आहेत, स्मरणशक्ती परत येते. बाटली महाग असते, पण आईसाठी, सासूबाईंसाठी म्हणून आपण ती आणतो. ही बाटली खरंच काम करते का, ते आज पाहू.

आधी हे अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. उघडं राहिलेलं खोबरं खवट होतं. कोयत्याला गंज चढतो. या सगळ्यात हवेतला प्राणवायू आपलं काम करत असतो. आपल्या शरीरातही असंच चालू असतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. शिवाय मेंदूत स्निग्ध पदार्थ भरपूर. म्हणजे खवट होण्याची भीती त्यालाच जास्त. ही झीज रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. काही आपलं शरीर स्वतः बनवतं, काही अन्नातून मिळतात.

आणि ते आपल्याकडे काय कमी आहेत? उन्हाळ्यात डोंगरची करवंदं, पावसाच्या तोंडावर जांभळं, थंडीत आवळे. लाल माठ, शेवग्याचा पाला, कढीपत्ता, लसूण, तीळ, नाचणी. फळाभाजीचा गडद रंग बहुतेकदा याच पदार्थांचा असतो. आपला इंद्रायणी तांदूळ कमी पॉलिशचा घेतला तर कोंड्यातलं ‘ई’ जीवनसत्त्वही थोडं राहतं.

मग हे खाल्लं की स्मृतिभ्रंश होत नाही, असं म्हणायचं का? इथे जरा थांबू या.

हळदीचंच बघा. हरियाणातल्या बल्लभगड भागात काही वर्षांपूर्वी पाहणी झाली, तेव्हा तिथे अल्झायमरचं प्रमाण जगात फार कमी आढळलं. लोक म्हणाले, भारतात हळद खातात ना, म्हणून. पण त्या पाहणीत हळदीची परीक्षा झालीच नव्हती. पुढे देशभर मोठी पाहणी झाली. त्यात साठीपुढच्या शंभर माणसांमागे सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आला. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. आता सांगा, खेड्यातल्या कुठल्या घरात हळद नाही?

हळदीतल्या करक्युमिन या द्रव्यावर प्रयोगही झाले. अमेरिकेत ४० जणांवर दीड वर्ष प्रयोग झाला. त्यांतल्या ज्यांना सहज शोषलं जाईल असं खास बनवलेलं करक्युमिन दिलं, त्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. पण अल्झायमर झालेल्या रुग्णांना २४ आठवडे करक्युमिन देऊन पाहिलं, तर फरक दिसला नाही. ४० माणसांच्या प्रयोगावर सगळ्या गावाला औषध सांगता येत नाही. शिवाय हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्केच असतं आणि ते अंगी लागतंही कमी. मिरी सोबत असली तर जास्त शोषलं जातं. आपल्या मसाल्यात ती असतेच.

‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं काय? सात हजारांहून अधिक पुरुषांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाला. गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितलं, की बुद्धीची घसरण टाळण्यासाठी ‘ब’ किंवा ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या अशी शिफारस करता येत नाही. भाज्या, फळं, डाळी, सुकामेवा असलेला समतोल आहार मात्र चांगला.

गोळी काही निरुपद्रवीच असते असंही नाही. हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर हळदीच्या किंवा ‘ई’ जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. भाजीतल्या चिमूटभर हळदीची ही गोष्ट नाही हं, ती खुशाल घाला. मात्र फार भडक पिवळी, सुटी हळद घेऊ नका. रंगासाठी तिच्यात शिशाचं क्रोमेट मिसळलेलं सापडलं आहे, आणि शिसं मेंदूलाच घातक.

मग करायचं काय? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली १४ गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्या आवरता आल्या, तर जगातले जवळजवळ निम्मे स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, वजन, कमी हालचाल, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, धुरकट हवा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि लहानपणी शिक्षण न मिळणं आहे. अँटिऑक्सिडंटची गोळी त्यात नाही.

ही यादी आपल्या घरात फिरवून बघा. आजी टीव्ही मोठ्याने लावते, प्रश्नाला भलतंच उत्तर देते. ती विसरत नसेल, तिला ऐकूच येत नसेल. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल. चुलीच्या धुरात तिचं आयुष्य गेलं असेल. शाळेत तिला कुणी घातलंच नसेल. ते आता बदलता येत नाही, पण नातवंडाबरोबर अक्षरं गिरवायला, भजनी मंडळात नवा अभंग पाठ करायला वयाची अट नाही. भंडारा डोंगर चढवत नसेल तर पायथ्यापर्यंत मैत्रिणींसोबत चालावं. पाय हलतात, बोलणंही होतं.

रक्तदाबाची गोळी मात्र कुठल्याही चूर्णासाठी बंद करू नका. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा.

आणि एक फार महत्त्वाचं. सगळं विसरणं स्मृतिभ्रंश नसतं. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, हे आपलं सगळ्यांचंच होतं. पण रोजच्या वाटेवर घर सापडेना, तोच प्रश्न दहा वेळा येऊ लागला, आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीचा क्रम चुकू लागला, पैशांचा हिशेब लागेना, तर डॉक्टरांना दाखवा. ‘बी-१२’ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचा परिणाम यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. शाकाहारी घरांत ‘बी-१२’ची कमतरता बरीच आढळते. चूर्ण देत वर्ष घालवलं तर ही संधी हातची जाते. माणूस एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग किंवा पक्षाघातही असू शकतो.

स्मृतिभ्रंशच निघाला, तर माणसाला वेडं ठरवू नका. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ चित्रपट मिळाला तर घरच्यांसोबत जरूर बघा. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे पंडित उभे केले आहेत. सांभाळणारी बहुतेकदा घरातली सून किंवा लेक असते. तिलाही आळीपाळीने सुट्टी द्या, नाहीतर तीच आजारी पडेल. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी मदत क्रमांक आहेत.

आवळा खा, जांभूळ खा, पालेभाजी रोज करा. ताटात ते हवंच. फक्त बाटलीसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून आधी आईचे कान, डोळे, रक्तदाब आणि ‘बी-१२’ तपासून घ्या.