शर्यतीचे इंजिन : ताकद किती आणि भरवसा किती?



ऊस विकास खात्याच्या माणसाने मोटारींच्या शर्यतीवर का लिहावे, असे काहींना वाटेल. कारण असे की, गळीत हंगाम जवळ आला की गट कार्यालयात तरुण ट्रॅक्टरमालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, पंप थोडा वाढवून घेतला तर दोन ट्रेलर चढाला दमणार नाहीत ना?" प्रश्न ट्रॅक्टरचा आहे खरा, पण याच प्रश्नाभोवती मोटार शर्यतीचे जग शंभर-सव्वाशे वर्षे फिरते आहे. त्यावर तिथे अफाट पैसा आणि डोके खर्ची पडले. ते ज्ञान आपल्याला फुकट मिळते आहे, तर घ्यायला काय हरकत?

आपल्याकडच्या एका जुन्या स्पर्धेचे नावच बोलके होते. डिसेंबर १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईकडे मोटारी निघाल्या. अंतर सुमारे १४०० किलोमीटर. तिला शर्यत न म्हणता 'विश्वसनीयतेची चाचणी' म्हटले होते. कोण किती जोरात पळतो यापेक्षा कोणाची मोटार न मोडता पोचते, हेच त्या काळी लोकांना बघायचे होते.

आता ओळखीच्या वाटेवर येऊ. साखरेचा ट्रक मुंबईला जाताना बोरघाट उतरून खोपोलीला, म्हणजे खालापूर तालुक्यात येतो. परतताना तोच घाट चढायचा असतो. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकणारा जुना ड्रायव्हर घाटाच्या आधीच खालचा गिअर टाकतो आणि काट्याकडे लक्ष ठेवतो, ते उगीच नव्हे. त्याच डोंगरावर कर्जतच्या बाजूने रेल्वे चढते. १८६३ साली ही वाट सुरू झाली. चढ ३७ फुटांना १ फूट, रेल्वेच्या मानाने फारच कडक. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात. आपण वडा खायला उतरतो, तेवढ्यात मागे जादा इंजिने लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करत ती गाडीला ढकलत वर नेतात आणि घाटमाथ्यावर सुटतात. पुढच्या इंजिनाला मर्यादेबाहेर ताणायचे नाही, डब्यांच्या जोडांवर सगळी ओढ येऊ द्यायची नाही, आणि घाटापुरती लागणारी ताकद मुंबईपासून पुण्यापर्यंत वाहत न्यायची नाही, असा तो हिशेब आहे.

शर्यतीच्या मोटारीला मात्र बँकर लावता येत नाही. चढ असो, सरळ रस्ता असो, जी ताकद हवी ती त्याच एका इंजिनातून काढायची. ती काढण्याचे ढोबळ मार्ग तीन : इंजिन जास्त फेऱ्यांनी फिरवणे, त्यात जास्त हवा व इंधन कोंबणे, आणि दाब वाढवणे. तिन्हींची किंमत मोजावी लागते.

फेऱ्यांचे बघा. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. दर खेपेला कनेक्टिंग रॉडला त्याला खेचून परतवावे लागते. फेरे दुप्पट केले तर हा झटका दुप्पट न होता चौपट होतो. फेरे नुसते दहा टक्के वाढवले तरी झटका एकवीस टक्क्यांनी वाढतो. फॉर्म्युला वन शर्यतीत इंजिने मिनिटाला २०,००० फेऱ्यांपर्यंत गेली होती. अखेर २००७ साली नियमानेच १९,००० वर लगाम घातला.

दुसरा मार्ग टर्बोचा. १९८० नंतरच्या काही वर्षांत बीएमडब्ल्यूच्या अवघ्या १५०० सीसीच्या, चार सिलिंडरच्या इंजिनातून १३०० अश्वशक्तीच्या आसपास ताकद काढत, असे सांगतात. पण ती केव्हा? शर्यतीत कोणी कुठल्या जागेवरून सुटायचे हे ठरवणाऱ्या दोन-चार फेऱ्यांपुरती. मग ते इंजिन उतरवायचे आणि प्रत्यक्ष शर्यतीला दुसरे लावायचे, हवेचा दाब कमी केलेले. जगातले हुशार लोकही पूर्ण ताकदीवर शर्यत पुरी करू शकत नव्हते, हे आमच्या पंपवाल्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

पुढे नियमच बदलले. पूर्वी एका शर्यतीत वाटेल तेवढी इंजिने बदलत. २००४ पासून सराव धरून सगळ्या शर्यतीला एकच इंजिन, २००५ साली दोन शर्यतींना एक, आणि २०१८ साली अख्ख्या हंगामाला प्रत्येक ड्रायव्हरमागे तीन. इंजिनाला सील असते. ठरल्यापेक्षा जास्त लावले की सुटण्याच्या जागेत मागे ढकलतात. (आपल्या पंपालाही कंपनीचे सील असते. ते कसे तुटते हे मी इथे लिहीत नाही!) त्यामुळे पुढे असलेला ड्रायव्हर मुद्दाम ताकद कमी करून इंजिनाला विसावा देऊ लागला. पूर्वीच्या शर्यतीत कित्येक गाड्या धूर काढत कडेला उभ्या दिसत. आता तसे क्वचितच घडते.

तरीही गाडी फसते, आणि बहुधा भलत्याच ठिकाणी. फ्रान्समधील ल मान्स येथे सलग चोवीस तासांची शर्यत होते. २०१६ च्या जूनमध्ये टोयोटाची गाडी तिथे पहिली चालली होती. ही शर्यत जिंकण्यासाठी ती कंपनी १९८५ पासून झटत होती. चोवीस तासांपैकी जेमतेम काही मिनिटे उरली असताना ड्रायव्हर काझुकी नाकाजिमा यांनी कळवले की गाडीत ताकद राहिली नाही. गाडी समोरच्या सरळ रस्त्यावर थांबली आणि पोर्शे पुढे निघून गेली. इंजिन मोडले नव्हते. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या हवेच्या नळीचा जोड निकामी झाला होता. ज्यांच्या ट्रॅक्टरला टर्बो आहे, त्यांनी ही नळी आपल्या बॉनेटखाली एकदा बघून घ्यावी. टोयोटाला ती शर्यत जिंकायला २०१८ उजाडले.

याच ल मान्सला २००६ साली ऑडीने डिझेलच्या गाडीने पहिला नंबर काढला. डिझेल इंजिनाने तिथे मिळवलेला हा पहिला विजय.

आपल्या मुलांचेही सांगतो. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले स्वतः शर्यतीची छोटी मोटार बनवून स्पर्धेत उतरतात. आय.आय.टी. मुंबई आणि सोमय्या महाविद्यालयाचे संघ परदेशातही जाऊन आले आहेत. बऱ्याच भारतीय संघांच्या गाडीत चाकणला तयार होणाऱ्या केटीएम मोटारसायकलचे ३७३ सीसीचे इंजिन असते. नियम असा की, इंजिनाला मिळणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून घ्यायची. नरडेच आवळलेले, म्हणून नुसते इंजिन मोठे करून भागत नाही. गुणांची वाटणी तर फार शहाणपणाची आहे. अनेक वर्षे एक हजारपैकी ७५ गुण सरळ रेषेतल्या वेगाला आणि ३२५ गुण २२ किलोमीटरची लांब दौड पुरी करण्याला असत. त्या दौडीत निम्म्यावर इंजिन बंद करून ड्रायव्हर बदलतो. तापलेले इंजिन पुन्हा सुरूच होत नाही आणि वर्षभराची मेहनत तिथेच उभी राहते, असे कैक संघांचे झाले आहे.

यात उसाचाही वाटा आहे. अल्कोहोल जळताना जास्त दाब सोसते आणि आत जाणारी हवा थंड करते, म्हणून या स्पर्धेत ८५ टक्के इथेनॉल वापरणाऱ्यांना भोक १९ मिलिमीटरचेच दिले जाई. अमेरिकेतील इंडिकार शर्यती २००७ पासून इथेनॉलवर धावू लागल्या आणि २०२३ पासून तिथल्या इंधनात उसाच्या टाकाऊ भागापासून केलेले इथेनॉल असते. मात्र लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून इंधन जास्त लागते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या धर्तीचे रबर खाते. नळ्या, वॉशर त्याला मानवणारे लागतात.

आता पंपाचा प्रश्न. टर्बो नसलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात हवा येते तेवढीच येणार. डिझेल वाढवले तर काही अंतरापर्यंत ओढ वाढते, पुढे जादा डिझेल नीट जळत नाही. काळा धूर हा त्याचाच. तो धूर बघून खूश होणारे मी पाहिले आहेत. ते आपलेच पैसे असतात. उष्णता वाढते, हेड गॅसकेट जाते, पिस्टन चिकटतो. क्लच, गिअर, मागचा धुरा हे सारे मूळ ताकदीच्या हिशेबाने केलेले असते, आणि ब्रेक तर पंप वाढवल्याने तसूभरही वाढत नाही. दोन भरलेले ट्रेलर उतारावर मागून रेटतात तेव्हा पंप कामाचा नसतो.

शर्यतीचे इंजिन काही शर्यतींनंतर उतरवतात. तुमच्या ट्रॅक्टरला चार-पाच महिने रात्रंदिवस खेपा आणि नंतर नांगरटही करायची असते. तो फडापासून कारखान्याच्या वाटेवर बंद पडला तर नुसते इंजिनाचे बिल येत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. पुढे त्याचे वजन घटते आणि साखरही उतरते, तोडणी टोळी बसून राहते, मागच्या शेतकऱ्याची पाळी चुकते. चढ अवघड असेल तर कर्जतची तोड वापरा. त्या टप्प्यापुरता एक ट्रेलर खाली सोडून दोन खेपा करा किंवा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तेवढ्यापुरता बोलवा. हंगामाआधी एअर फिल्टर, रेडिएटरची जाळी, पंख्याचा पट्टा आणि सगळ्या नळ्यांच्या क्लिपा बघून घ्या. क्लिपा आवळायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. पट्टा आणि टर्बोची नळी मात्र जुनी दिसली तर नवीच घाला आणि जुनी सीटखाली ठेवा, रात्रीच्या खेपेला उपयोगी पडते.