दाखला आणि हक्क

कॉलेजची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. माझे शिक्षण झाले ते बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या फाटकावर. तेथला पहिला धडा असा, की यंत्रात कामगाराचा अंगठा गेलेला साऱ्या खात्याने पाहिला, तरी कागदावर नोंद नसेल तर भरपाईच्या वेळी तो गेलाच नाही असे धरतात. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अंगठ्याचे 30 टक्के ठरविले होते. सुतार असो की पहारेकरी, टक्के तेच!

आमच्या मासवणच्या एका कामगाराची मुलगी कॉलेजात गेली. लिहिताना तिचा हात आखडे. कॉलेजने सांगितले, "दाखल्यावर 40 टक्के नाहीत, लेखनिक मिळणार नाही." उत्तरे येत असून अर्धा पेपर कोरा राहिला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले. 40 टक्क्यांची अट आहे ती उच्च शिक्षणातील 5 टक्के राखीव जागांसारख्या लाभांसाठी. लेखनिक, जादा वेळ, तळमजल्यावरचा वर्ग या वाजवी सोयी निराळ्या. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हात आखडणाऱ्याच एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितले, की लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट घालता येत नाही. 2024 साली महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याला वाचादोषाच्या टक्क्यांमुळे वैद्यकीय प्रवेश नाकारला गेला, तेव्हाही न्यायालयाने बजावले, की नुसते टक्के पाहू नका, तो शिकू शकेल का ते तपासा.

म्हणून कागद दोन हवेत. पहिला सरकारी वैद्यकीय दाखला. त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून तपासणीला जावे लागते. दुसरा आपला स्वतःचा अर्ज. दाखला सांगतो, हाताला काय झाले आहे. पेपर लिहायला काय लागेल, हे तो सांगत नाही. ते आपणच स्पष्ट लिहावे. "सहकार्य व्हावे" असे मोघम नको. "लेखनिक आणि तासाला 20 मिनिटे जादा" असे लिहावे. हा अर्ज वर्षाच्या आरंभीच द्यावा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

त्या मुलीने पुढच्या वर्षी असेच केले. पेपर पुरा झाला. गुण किती मिळाले हे मी विचारले नाही. ते तिच्या अभ्यासाचे होते, एवढे मला पुरे झाले.